डोळ्यांतले ठिपके

४ जून
आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, पण फोटो स्टुडिओ बघून माझा सगळा शीण गेला. खाली स्टुडिओ, वर आमच्या दोन खोल्या, म्हणजे कामावर जायचं ते जिना उतरून. गोटीने तो जिना इतक्या वेळा चढून-उतरून पाहिला की मलाच धाप लागली. पोरगी सहा वर्षांची, पण घर पास-नापास करण्याचा अधिकार तिचा. तिचे बाबा बोटीवर असतात. ते सुट्टीवर येईपर्यंत आम्हा दोघींचंच राज्य.

स्टुडिओचे मालक, म्हणजे काका, किल्ल्या देऊन बहिणीकडे कायमचे राहायला गेले. जाताना कपाटातला त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा हातात दिला. वजनाला वीट! म्हणाले, वाटलं तर वापर, पण याने काढलेल्या माणसाच्या फोटोवर हात चालवायचा नाही, आला तसा छापायचा. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले की सांगून कुणाला पटत नाही. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट असतात. मी मान डोलावली.

७ जून
मॉनिटरचे रंग जुळवण्यात सकाळ गेली. काकांच्या पडद्यावर सगळ्या जगाला कावीळ झालेली होती. मग दोन्ही दिवे लावले, गोटीला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी तिचे फोटो काढून पाहिले. माझ्या महागड्या कॅमेऱ्याचं नाक कापलं गेलं! त्या विटेने गोटीच्या गालांचा रंग असा उतरवलाय की पडद्याला हात लावून बघावासा वाटला.

एकच खोट आहे. माझा कॅमेरा कच्ची फाइल ठेवतो. मी कितीही रंगरंगोटी केली तरी मूळ फोटोला धक्का लागत नाही. वीट मात्र सरळ जेपेग देते. बदल करून सेव्ह केलं की मूळ गेलंच.

तिचा फोटो दर्शनी काचेत लावायचा म्हणून थोडा साफ केला. हनुवटीवरची खपली काढली. दोन दिव्यांमुळे प्रत्येक डोळ्यात दोन-दोन पांढरे ठिपके आले होते, ते विचित्र दिसतात. सगळे पुसले. नंतर एकेकच नीट रंगवू म्हणत होते, तेवढ्यात बेकरीवाला फोटो काढायला आला. सवयीने सेव्ह केलं, सवयीने कार्ड कोरं केलं आणि उठले. त्याचाही फोटो विटेनेच काढला आणि नाकावरचा चामखीळ उडवून दिला. काकांना कोण सांगायला जातंय!

८ जून
बेकरीवाला फोटो न्यायला आला, तर चामखीळ खरोखरच गायब. स्वारी खूश! बायकोने दिलेल्या मलमाला गुण आला म्हणे. गोटीसाठी पाव देऊन गेला.

गोटीने आज दोनदा दूध सांडलं. मी ओरडले. ती म्हणाली, आई, दिवा लाव ना. भर दुपारी, खिडकी सताड उघडी असताना.

९ जून
डॉक्टरांनी गोटीचे डोळे तपासले. दोष काही नाही. पण त्यांची बॅटरी डोळ्यासमोर होती आणि डोळ्यात तिची चमक पडत नव्हती. खिडकी नाही, दिवा नाही, माझा चेहरा नाही. नुसते काळे डोळे. ते स्वतःच चक्रावले.

परत येताना तिची हनुवटी पुसली. खपली नाही. व्रणसुद्धा नाही. बेकरीवाल्याचा चामखीळ आठवला.

माझ्या हाताने. माझ्या स्वतःच्या हाताने मी पोरीचा उजेड पुसला.

धावत स्टुडिओत आले. फाइल उघडली, डोळ्यांत पांढरे ठिपके रंगवले, सेव्ह केलं. वरून गोटीची किंकाळी. डोळे मिटले तरी उजेड जात नाही म्हणत होती. ठिपके फिके केले. सेव्ह. अजून लहान. सेव्ह. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. आता तिला दिसतं, पण धुक्यातून.

१० जून
गोटीच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. तळहात गुळगुळीत. गालावर फिकट चौकोन दिसतायत. बाहुलीचं नाव तिला आठवेना. ढमी! झोपेतसुद्धा ढमी ढमी करणारी पोर!

जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडं बारीकसारीक टाकून देतं, फोटोत चौकोन पडत जातात. हे मी जगाला शिकवते. आणि काल किती वेळा —

काकांना फोन केला. ते रडायलाच लागले. म्हणाले, आमच्या हिचा फोटो मी दुरुस्त करत राहिलो, करत राहिलो, शेवटी दुरुस्त करायला काही उरलंच नाही.

११ जून
विटेने तिचा नवा फोटो काढला. आहे तशीच आली. चौकोनांसकट.

बाबांचा फोन आला. तिने विचारलं, कोण बाबा? मी फोन ठेवला. काय सांगू त्यांना? काय सांगू?

माझ्या कॅमेऱ्यातला तिचा त्या दिवशीचा फोटो जोडून पाहिला. उपयोग नाही. विटेला विटेचंच लागतं.

१२ जून
विटेने माझा फोटो काढला. टायमर लावून. माझे डोळे तिच्यासारखेच आहेत, सगळे म्हणतात. त्यांची नक्कल करून तिच्या फोटोत चिकटवली. काही झालं नाही.

नक्कल चालत नाही. कापून द्यावं लागेल.

एकदाच सेव्ह करायचं. आधी तिचा, मग माझा. गोटी मांडीवर बसून बघतेय, हे काय, ते काय, विचारतेय. सांगतेय मी तिला. कुठे दाबलं की पुसतं, कुठे दाबलं की सेव्ह होतं. तिचा आवाज ऐकावासा वाटतो, म्हणून.

देवा, एवढं होऊ दे.

१३ जून
चाचपडत लिहितेय. ओळ ओळीवर जात असेल.

गोटीला दिसतं! सगळं दिसतं! दिसायला लागलं तशी ढमी आठवली, बाबा आठवले. सकाळपासून बडबड थांबत नाही. मला काही दिसत नाही. नसू दे. त्यात माझं सगळं आलं.

तिचे बाबा येईपर्यंत निभेल. ती बोट धरून नेते मला —

दुपार
गोटी खाली आहे. माऊसचा आवाज येतोय.

मी हाक मारली. ती म्हणाली, आई, तुझा फोटो घाण झालाय गं, डोळ्यांच्या जागी भोकं पडलीत. मी नीट करते. तू करायचीस तसंच.

वही तशीच हातात घेऊन जिना उतरले. पडले. नको म्हणून ओरडले आणि ओरडता ओरडता —

ओठ नाहीत. हात लावून पाहिला. गुळगुळीत.

तिचा हात धरायला जातेय, ती हसून निसटते. तिला वाटतंय मी आंधळी कोशिंबीर खेळतेय.

तिला अक्षरं येतात. एकेक लावून वाचते. वही तिच्यापुढे धरते.

गोटी
थांब
हात नको लावू
आई आहे मी
सेव्ह करू न