लिंबावरची आई

२९ नोव्हें.
अजून माहेरी, रिठदलाच आहे. आईची तेरवी होऊन गेली, अस्थी अजून मळ्यातल्या कडुलिंबावर. लाल फडक्यात लोटा, फांदीला बांधलेला. अस्थी घरात आणत नाहीत. आई शुद्धीत होती तेव्हा म्हणाली, "संजू आल्याशिवाय मले पान्यात सोडू नका." माझा भाऊ संजू दूर परदेशी बेटावर, म्हणून अग्नी काकांनी दिला. एवढं तरी संजूसाठी राहू दे.

संजूचा फोन. भारताने व्हिसा नाकारला.

२ डिसें.
दोन दिवस रागाने वही उघडली नाही.

चूक संजूचीच. तो राहतो ते बेट एका मोठ्या देशाच्या मालकीचं, म्हणून व्हिसाच्या अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्याने त्या मोठ्या देशाचं नाव टाकलं. पण बेटावरच्या लोकांना तिथलं नागरिकत्व नाही, दर्जा वेगळा, पासपोर्टही वेगळा. आता म्हणे खोटी माहिती दिली. भारताचा पासपोर्ट तर तो तिथल्या मुलीशी लग्न करून बेटाचा घेतल्यावर परत करून बसला.

काकांना समजावलं. ते म्हणाले, "देशाचं बेट, बेटावरचा हा. मंग हा त्या देशाचा नाही काहून? रिठदचा मानूस भारताचा नसते काय?"
इतकं सरळ वकिलातीतही कुणी विचारलं नसेल.

६ डिसें.
संजूने पुन्हा अर्ज केला, खरा दर्जा लिहून. उत्तर आलं : या दर्जाच्या लोकांबाबत भारत आणि त्या देशाच्या सरकारांची बोलणी सुरू आहेत, निर्णयापर्यंत थांबा.

हॉटेलात भाजी चिरतो तो. त्याच्यासाठी दोन सरकारं बोलतायत. आणि आमच्याशी कुणी बोलत नाही.

९ डिसें.
टीव्हीवर ती बोलणी दाखवली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, हस्तांदोलन. "चर्चा सकारात्मक. दोन्ही बाजूंनी समाधान व्यक्त केले."

समाधान! माझी आई झाडाला टांगलेली आहे.

टीव्ही बंद केला. काकू म्हणाली, "अवं, मालिका तं पाहू दे." लावून दिला परत.

१३ डिसें.
काकांच्या वैशालीचा साखरपुडा अडलाय. अस्थी टांगलेल्या असताना शुभकार्य नको, म्हणतात मुलाकडचे पाहुणे. काका आज सगळ्यांसमोर म्हणाले, "मंगले, तुया भाऊ तं मोठा सायेब झाला. त्याले बलावाले आता दिल्लीची परवानगी लागते. माही पोरगी कायले अडकवता?"
खरं आहे त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला.
वैशाली मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "ताई, मले घाई नाही." ओठ चावत होती. आहे घाई.

१६ डिसें.
संजूशी बोलले. म्हणाला, "ताई, तूच सोड. मी इथून व्हिडिओवर पाहतो."
"आईने व्हिडिओवर पाहून जन्म दिला का तुला?"
कधी इतकं बोलले नव्हते त्याला. तो रडला. मी फोन ठेवला. त्याच्यावर ओरडायचं नव्हतं. ज्यांच्यावर ओरडायचं त्यांचा आवाजसुद्धा मला माहीत नाही.

१८ डिसें.
बोलण्यांची पुढची फेरी म्हणे नवीन वर्षात. तारीख नाही.
काकांनी ठरवलं, उद्या अमावास्या, लोटा काढायचा, पैनगंगेवर जायचं. मला विचारलं नाही. सांगितलं.
सासरहून यांचा फोन, किन्हीराजाला कधी येतेस.

१९ डिसें. अमावास्या
सकाळी मळ्यात काकांच्या आधी पोचले. फडक्याची गाठ सैल झाली होती. आणखी एक आवळून मारली.
काका शिडी घेऊन आले. "सरक."
नाही सरकले. बुंध्याला पाठ लावून उभी राहिले.
"काय म्हनते आता?"
म्हटलं, "चर्चा करा माझ्याशी. टेबल नाही, पण मी आहे."
"कायची चर्चा वं?"
"वैशालीचीही करू, आईचीही करू. पण मला विचारून."
काकांनी शिडी झाडाला टेकवली. वर चढले नाहीत. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले, तंबाखू काढली. मळता मळता म्हणाले, "बोल."
मी बोलायला लागले. ऊन चढलं, शेजारी तूर तोडणाऱ्या बायका जेवायला बसल्या, आम्ही बोलतच होतो. शिडी तिथेच आहे. लोटाही.