चार वाजून वीस मिनिटांचा भूकंप

तीर्थस्वरूप वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांतलं एक अंग सध्या बाद आहे, सातांवर भागवून घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? धाकटीची परीक्षा आटोपली का? दादाच्या तब्येतीची चौकशी मी मुळीच करत नाही. ज्या सख्ख्या भावाने चौदा महिन्यांत मला एक ओळ लिहिली नाही, त्याच्या तब्येतीशी मला काय करायचंय? तो पथ्य पाळतो का, दुकानात परत बसायला लागला का, रात्री झोप लागते का, यातलं काहीही मला कळवू नका. (मोतीबिंदूच्या डोळ्याचं तेवढं कळवा.)

इथे माझं झकास चाललंय. आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे लांबलचक ओटा आणि ओट्याच्या बरोब्बर खाली तळघरात भूकंपमापक यंत्र. (यंत्राची ही जागा कोणी ठरवली ते विचारू नका. मीच ठरवली.) इथल्याच माणसांनी जमिनीचे हादरे मोजायला शिकावं, दर वेळी बाहेरून तज्ज्ञ बोलवायची पाळी येऊ नये, म्हणून हे केंद्र. पहिल्या तुकडीत दोघंच आहेत. एक बोअर मारणारे काका. जमिनीच्या पोटातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ते तोंड उघडतील तर शपथ. दुसऱ्या शिंपीणबाई. यंत्राच्या कागदावरची रेघ केसभर हलली तरी बाईंना ती शिवण उसवल्यासारखी लख्ख दिसते. पहिल्याच दिवशी मी दोघांना बजावलं की कारणं शोधायची नाहीत, तर्क लढवायचे नाहीत, दिसेल ते वहीत उतरवायचं. वेळ, हादऱ्याची लांबी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. कारण शोधायला मी समर्थ आहे, असंही म्हणालो. जिभेला हाड नसतं ते हे असं.

तर दोन महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं की रोज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी जमीन हलते आहे. बारीक, एका लयीत, पंधरा-वीस मिनिटं. आणि रविवारी नाही! साप्ताहिक सुट्टी घेणारा भूकंप तुम्ही कधी ऐकलाय? मी आनंदाने वेडा व्हायचा राहिलो. आसपासच्या गिरण्या पाहिल्या, पंप पाहिले, खडीची खाण पाहिली (ती कधीच बंद पडली आहे, तिथे आता शेळ्या असतात). मग एकतीस पानांचा शोधनिबंध लिहिला, सोबत वहीची नक्कल जोडली आणि मुख्य कचेरीला धाडून दिला. खोटं कशाला बोलू, मनात मांडे असे भाजले होते की पेपरात माझं नाव छापून येईल, दादा दुकानात बसल्या बसल्या ते वाचेल, चष्मा कपाळावर चढवेल आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणेल, हा आमचाच बरं का.

मुख्य कचेरीचं उत्तर तीन ओळींचं आलं. हादऱ्यांचं कारण आपल्याच वहीच्या शेवटच्या रकान्यात नमूद आहे. संबंधित गृहस्थांना जरा हळू चालण्याची विनंती करावी.

वहिनी, तो रकाना मी तोवर वाचलाच नव्हता. वेळ आणि लांबी मिळाल्यावर शेरे कोण वाचतो? आता वाचला. बाईंचं अक्षर टाक्यांसारखं, बारीक आणि नीट. ‘सर ओट्यावर. पोस्टमन यायचा आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘सर ओट्यावर. पोस्टमन आला. सरांचं काही नाही.’ त्यापुढे अकरा दिवस नुसतं ‘वरीलप्रमाणे.’ तुमचं पत्र आलं त्या दिवशी, ‘पत्र आलं. सरांनी अक्षर बघितलं आणि पुन्हा फेऱ्या.’ आणि दादाच्या ऑपरेशनच्या दिवशी (तारीख तुम्हीच कळवली होती) दोन तास दहा मिनिटं, आजवरचा सगळ्यात मोठा हादरा. शेरा, ‘घरी कोणी आजारी असावं. चहा नेला. घेतला नाही.’ हे सगळं मुख्य कचेरीतल्या चार विद्वानांनी चष्मे पुसून पुसून वाचलं असणार! धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तिच्या पोटात तर माझंच यंत्र.

मी तावातावाने बाईंकडे गेलो, आधी का नाही सांगितलं म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, कारण शोधायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत. तेवढ्यात काकांनी तोंड उघडलं. ‘आम्हाला वाटलं, सरांना ठाऊक असेल.’

नव्हतं हो ठाऊक. वाऱ्याला बाहेर येतो असंच मी समजत होतो. तुमच्या पत्रांचा मला आनंद होत नाही असं नाही, पण पाकीट हातात येताच मी आधी दादाचं अक्षर शोधतो. वडिलांच्या माघारी दादाने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि मला शिकवलं. आणि मी निघताना भर दारात काय म्हणालो, तर दुकानाच्या फळीपलीकडे जग असतं हे तुला काय कळणार! त्याने माझी ट्रंक उचलून गाडीत ठेवली. ते आठवलं की मला जेवण जात नाही. मला त्याची फार आठवण येते, वहिनी.

असो. आता मी रबरी चपला घेतल्या आहेत. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्या एका गृहस्थांना काहीही नाही.

तुमचा,
कसलाही फरक न पडलेला
धाकटा दीर

ता. क. हे पत्र दादाला वाचून दाखवू नका.

ता. क. दाखवलंच, तर ट्रंकेपर्यंत दाखवा.

ता. क. पुढच्या वेळी पाकिटावरचा पत्ता तेवढा त्याच्या हातून लिहून घ्या. आत कोरा कागद असला तरी चालेल.