कापशीची जागा

सोनई,
रविवार, ता. ९ जानेवारी १९७२.
सकाळचे सव्वासात. कापशीच्या पिंजऱ्याला जाळी ठोकत होतो, हात धुऊन लिहायला बसलो.

सौ. राहीस अनेक आशीर्वाद. तुझ्या आईंना नमस्कार. पत्र वाचून दाखवणारे पोस्टमन रंगनाथभाऊ यांनाही नमस्कार. त्यांनी मोठ्याने वाचावं एवढंच लिहितो.

आईंच्या मांडीचं हाड सांधत आलं का? दसऱ्याला पडल्या, आता संक्रांत आली.

तुझी ससी कापशी बरी आहे. तू गेलीस तेव्हा ओंजळीत मावायची, आता दोन्ही हातांनी उचलावी लागते. हिची पिल्लं बघायची असं तू म्हणाली होतीस, म्हणून घोडेगावच्या बाजारी ससे पाळणाऱ्या महमूदचाचांकडे चौकशीला बसलो. मी इतकं विचारलं की ते हसले. "गोरक्षा, लगीन तिचं हाय का तुजं? लईच घाबरतूस."

अजून महिनाभर थांब म्हणाले, वय कमी आहे. त्यांचा काळा नर हिच्या नात्यातला नाही, तो चालेल. मात्र ससीला त्याच्याकडे न्यायचं. तो हिच्या घरात शिरला तर ही फाडून काढते. पिल्लं पाच-सहा होतील. एक चाचांच्या सकीनाला, एक शाळेतल्या बाईंना. बाकीची कोणी कापून खाऊ नयेत, म्हणून त्यांना घरं मिळेपर्यंत जोडी लावायची नाही असं मी ठरवलं आहे.

व्यायच्या आधी ती स्वतःच्या अंगाचे केस उपटून पिल्लांसाठी ठेवलेल्या पेटीत अंथरते. हे ऐकल्यापासून पेटीला तीनदा रंधा मारला. कुठे टोचणारं कुसळ राहायला नको.

शेवटी चाचा म्हणाले, "एकदा जागा दिली की हलवायची न्हाई. भ्याली तर पोटची पिल्लं खाती. आदी ठरव, तिनं ऱ्हायचं कुठं."

तिथे मी अडलो.

पिंजरा तुझ्या कोपऱ्यात असतो. ती मागचा पाय आपटते तेव्हा तू कडी वाजवलीस असं वाटून मी उठतो. आता कळतं, तरी उठतोच.

काल पिंजऱ्याला उचलायच्या कड्या लावल्या. थोरल्या सहादेवदादाने विचारलं, "कुटं नेतूस ह्यो?"

"पाथर्डीला."

"सासूच्या दारात पडून खानार व्हय? गाव तोंडात शेन घालंल."

"पडून कशाला? रंधा-पटाशी बरोबर आहे. सुतारकाम तिथेही लागतंच."

दादा तसाच निघून गेला. दुपारी जेवायला मात्र थांबला माझ्यासाठी.

दिवाळीत तू निरोप धाडला होतास, आईला टाकून येववत नाही, तुम्हीच याल का. त्याचं हे उत्तर. उशिराचं आहे. तुझ्या मनात अजून तेच असेल, तर ओसरीवर सावली किती वेळ असते आणि कुत्रं येतं का, एवढं कळव. चाचा पाथर्डीच्या बाजाराला येतात, नर त्याच्या पिंजऱ्यासकट आणतील. कंडक्टरने कापशीचं अर्धं तिकीट मागितलं तर भांडेन.

तुझा,
गोरक्ष

ता. क. जाळी चार रुपये. खिळे, बिजागऱ्या, कड्या मिळून दोन. फळ्या दुकानातल्या तुकड्यांच्या, फुकट. देणं: चाचांना नराबद्दल पैसे नकोत, सकीनाचं पिल्लू तेवढं आधी द्यायचं. एसटीचे अडीच रुपये बाजूला काढून ठेवले आहेत. येण्याचे. परतीचे काढले नाहीत.