दोन्ही दोर एका हातात

२१ जून १९९८, रविवार
लातूरहून मनूचा फोन. पहिला प्रश्न — "बाबा, बोट काढली?" मी म्हणालो, "तुझ्याबिगर कशी निघंल?" झालं! पोरगी रडायला लागली. राजश्रीनं रिसीव्हर हिसकावला. नंतर मला — "असं बोलता, अन् ती क्लास सोडून पळून आली म्हंजे? लेकीला डॉक्टर करायचंय का नावाडी?"

भूकंपानंतर लातूरचं नाव काढलं तरी ही कानांवर हात ठेवायची. आता सगळं नांदेड पोरं तिथंच धाडतंय. आम्हीपण.

पण खरंय तिचं. मी एकटा बोट काढू शकलो, तर मनूला तसं सांगता येईल. मग रमेल ती तिथं. मोठं शीड माझ्याकडं, पुढचं लहान मनूकडं — ती आठवीत असल्यापासून असंच. आता तिच्या शिडाचा दोर माझ्यापर्यंत आणायचा.

२४ जून
विहिरीवरच्या दोन जुन्या कप्प्या बोटीला ठोकल्या. मनूचा दोर त्यांतून मागं, सुकाणूपाशी. मग विष्णुपुरी धरणाच्या पाण्याकडं बघत बसलो. ढगाची सावली पलीकडच्या काठाला अलगद सरकत गेली. वाटलं, शीड न लावताच निघालो आपण. शाळेच्या वह्या तपासायच्या राहिल्या.

२८ जून
फोन. पुन्हा रडली.

४ जुलै
बुडालो असतो आज! दोर खुंटीला बांधला, तो लहानपणी हदगावच्या आमच्या गोठ्यात हाताला बसलेल्या गाठीनं. वारा भरला, बोट कलंडली, दोर सोडायला गेलो तर गाठ अजूनच आवळली. बैल सुटू नये म्हणून मारतात ती गाठ! अक्कल चरायला गेली होती माझी. शेवटी विळ्यानं दोर कापला.

शीड शिवून देणारा मंडपवाला केरबा लई हसला. "गुरुजी, मंडपाची गाठ मारा. टोक ओढलं की मोकळी. वावटळीत आमाला कापड झटक्यात सोडावं लागतंय, न्हाईतर खांबासकट उडतंय!"

११ जुलै
गेलो! एकटा! पलीकडच्या काठाला अन् परत. दोन्ही दोर हातात, बोटीखाली पाण्याची बारीक कुजबुज. मधोमध तर कुठं निघालोय तेच विसरलो. पुढं मनू बसलीय समजून दोनदा बोललोसुद्धा.

१२ जुलै, रविवार
मनूला फोनवर सांगितलं — "एकटा जाऊन आलो."
"खरंच?"
"खरंच."
"मग बरंय, बाबा."
रडली नाही.

१९ जुलै, रविवार
फोन आला नाही. राजश्रीनं शिरा केला. "रमली बाई एकदाची!" म्हणाली.
दिवसभर फोनपाशी बसून होतो. उगाच सांगितलं मी.