चोवीस तासांचा कॅन

३ मार्च
ताईची किडनी मला बसवून आज सहा आठवडे झाले. रक्तातलं ऑक्झलेट, म्हणजे खडे करणारा तो क्षार, निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, हुरळून जाऊ नका. डायलिसिसच्या तीन वर्षांत ते हाडांत साठलंय, नवी किडनी आता ते उपसून बाहेर टाकतेय. पाणी कमी पडलं तर खडे होऊन तिच्यातच बसेल. म्हणून रोज तीन लिटर पाणी. बदाम, पालक, चॉकलेट बंद, त्यांत ऑक्झलेट भरपूर. मी पाणीखात्यात मीटर रीडर. पाण्याचं मोजमाप मला कोण शिकवणार?
उद्यापासून कडक.

४ मार्च
दुपारपर्यंत पाऊण लिटर. पोट टम्म. उरलेलं उद्या भरून काढीन.

९ मार्च
ताई रोज फोन करते, पाणी झालं का. मी 'झालं' म्हणतो. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? आज फक्त चार बदाम. दर तासाला.

१८ मार्च, सकाळी ७
चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून द्यायची होती. भरली जेमतेम लिटरभर. डॉक्टर बोलणार. नळ शेजारीच होता, दोन लिटर घातलं. शिवाय ऑक्झलेटही पातळ होणार. वीस वर्षं लोकांच्या मीटरमधल्या लबाड्या पकडतोय, माझी कोण पकडणार?

२१ मार्च
कोणी पकडली नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी उत्तम पिताय. पण ऑक्झलेट फार आहे. म्हटलं, एवढं पातळ असून? म्हणाले, दिवसभरात एकूण किती पडलं ते मोजतात, पाण्याने आकडा हलत नाही. रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. तुम्ही पथ्य पाळताय, तेव्हा किडनीतच काही आहे का ते बघू. सोमवारी सुईने किडनीचा बारीक तुकडा तपासायला काढणार.
ताई शेजारीच बसली होती. तिने हळूच विचारलं, माझ्या किडनीत आधीपासून काही खोट होती का? डॉक्टर म्हणाले, आत्ताच सांगता येणार नाही.
मी कॅलेंडर बघत बसलो. लाज वाटली. उद्या ताईच्या घरी जाऊन सांगायचं ठरवलं.

२२ मार्च
ताईकडे गेलो. डोकं दुखतंय म्हणून ती झोपून होती. आजारी माणसाला काय सांगायचं?

२३ मार्च, संध्याकाळी ६
आज तीन लिटर प्यायलो. पूर्ण. बदामाचा डबा शेजाऱ्यांना दिला. ताईला सगळं सांगायला फोन लावला. तिनेच आधी विचारलं, पाणी झालं का? 'झालं' म्हणालो. पहिल्यांदाच खरं.
ती म्हणाली, "तू करतोयस रे सगळं. माझ्याच किडनीला जमत नाहीये."
मग रडायला लागली. मी तिची समजूत घालत राहिलो. बाकीचं सांगायचं राहून गेलं.