खांबांसाठी नैवेद्य

समुद्रातल्या वायूच्या प्लॅटफॉर्मवरून,
१४ ऑक्टोबर

प्रिय बुनिमताई,

गुडघ्याला शेक देतेस ना? की तुझा लेक हानसोल नव्या बोटीवर नेऊन तुलाच जाळी ओढायला लावतो? मामाने कान उपटायला सांगितलंय म्हणावं. इथे वारा बोचरा आहे, बाकी ठीक.

तू उकडून पाठवलेलं डुकराचं मुंडकं काल पोचलं. आचारी म्हणाला, "ताईंनी याला काय हसवलंय बघा. समुद्र खूश होणार." नव्या कामाआधीचा नैवेद्य डेकवर मांडला, तांदळाची दारू ओतली. सगळ्यात जुना म्हणून पहिला दंडवत माझा.

पहिला नैवेद्यही तुझ्याच हातचा होता. या प्लॅटफॉर्मचा सांगाडा तेव्हा उल्सानच्या जहाजबांधणीच्या यार्डात आडवा पडलेला, मी कोवळा वेल्डर. "एवढं लोखंड पाण्यात उभं कसं राहील रे, गाढवा?" असं तू विचारलंस. ते राहिलं. त्याच्या टोकावर जळणारी वायूची ज्योत तुला गच्चीवरून दिसायची आणि तू म्हणायचीस, माझा भाऊ जागा आहे. मग वायू आटत गेला, ज्योत विझली. विहिरींच्या तोंडात सिमेंट भरून आम्ही त्या बुजवल्या.

उरले खांब. ते तसेच ठेवतील, मासळी तिथेच राहील, गावाला जाळी टाकता येतील, असं मीच तुला सांगितलं होतं. हानसोलने त्याच भरवशावर कारखाना सोडला.

ताई, खांब मुळापासून कापायचं ठरलंय. चुसोकच्या सणाला तुझ्याकडे जेवलो तेव्हाच मला ते माहीत होतं. हानसोल नवी जाळी दाखवत होता आणि मी "छान" म्हणत होतो.

हेही अर्धंच. ठरवण्याआधी कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं होतं, "खांब ठेवावेत असं गावाचं म्हणणं आहे का?" मी म्हणालो, "गावाला काही फरक पडत नाही. माझी सख्खी बहीण तिथे मासे धरते, तिला विचारलंय." खांब ठेवले तर माझं काम आत्ताच संपणार होतं. कापायचे तर आणखी दोन वर्षं मिळत होती. घरी नुसतं बसायची भीती वाटली, एवढंच. फार लाज वाटते.

काल सगळ्यांनी प्रसाद खाल्ला, मी तुकडाही उचलला नाही. "बहिणीच्या हातचं, आणि तुम्ही उपाशी?" आचारी हसत होता.

सोमवारी कापायला सुरुवात आहे. गावप्रमुखांना घेऊन त्याआधी साहेबांना गाठ. जोंगचिल खोटं बोलला, असं सगळ्यांसमोर सांग. मी नाही म्हणणार नाही.

तुझं पातेलं याच बोटीने परत पाठवतोय. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, असं तूच शिकवलंस. माझ्याकडे त्यात घालायला हे पत्रच आहे.

ज्योत बघून तू ज्याला जागा समजायचीस, तो तुझा
जोंगचिल