नदीपलीकडचे चार महिने

२४ जून १९५७, मोहटोला
नदी ओलांडली तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. आठवडाभरात पायी ओलांडायचा उतार बंद — मग दसऱ्यापर्यंत हे गाव तुटलेलं. तेवढे महिने ते आपल्या जिवावर तगेल का, हे पाहून लिहायचं. मला, ग्रामसेवकाला, तसा हुकूम आहे.

धान पुरेल. मीठ पोळ्यापर्यंत. नदीत न्यायला डोंगा एकच. औषध काहीच नाही. 'तयारी नाही' असं लिहिलं.

गावचे पाटील लालसू हसले. "आतापर्यंत का तुमच्या कागदावर जगलो, बाबू?"

२६ जून
मी ज्या काठावरून आलो तिकडची बातमी आली. रविवारी मी जिथं जेवलो, त्या गावात पटकीनं तिघं गेले. मी त्याच विहिरीचं पाणी प्यालो.

कुणाला सांगितलं नाही. दिवसभर पोटावर हात ठेवून बसलो. लोक जवळ येऊन बोलत होते — मी मागे सरकत होतो.

२७ जून
पहाटे लालसूंना सांगितलं. वाटलं, काठी उचलतील.

"काल काऊन नाई सांगितलं?" एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत गाव रिकामं. धान, मडकी, कोंबड्या घेऊन सगळे डोंगरावर गेले. दोन-दोन घरं वेगळी, झरे वेगळे. पोरंसुद्धा रडली नाहीत. "माह्या आज्यानं बी असंच केलं होतं," लालसू म्हणाले. मला शेतातल्या मांडवात ठेवलं.

'तयारी नाही' खोडलं. मग ओकलो.

२८ जून
पोटऱ्यांत गोळे. आई, मी मरतो.

३० जून
जिवंत आहे.

लालसूंची विधवा बहीण रुखमाबाई माझ्यासाठी मागे राहिली. एकटी. परवापासून मीठ घातलेली पेज पाजते आहे, माझी सगळी घाण काढते आहे.

"पी बाबू. ओकला तरी पी."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पी."

१ जुलै
काठी धरून दहा पावलं चाललो. रात्रभर पाऊस. नदीचा आवाज इथवर येतो.

२ जुलै
सकाळीच दसरू डोंगेवाला आला. लालसूंनी धाडलं त्याला. "पाणी चढून राह्यलं बाबू. उद्या डोंगा नाई निघत. आजच चाला."

सुटलो! सामान बांधलं. रुखमाबाईचा निरोप घेऊन निघतो.

२ जुलै, दुपार
ती अंगणात पडली होती. हात गार, डोळे आत गेलेले. मला पाहून म्हणाली, "जा ना."

खरं लिहितो — जावंसं वाटलं. मग दवाखान्याला चिठ्ठी लिहिली, दसरूजवळ दुरूनच टाकली आणि त्याला एकट्याला पाठवलं.

डोंगा वळणाआड गेला. आता गावात आम्ही दोघंच.